मी इथेच का राहतेय

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, मोठ्या हुद्द्याची नोकरी नाकारून मी ॲनिमेशनच्या याच टीममध्ये राहिले, म्हणून तुम्ही नाराज आहात. फोनवर बोलले असते तर नुसता वाद झाला असता, म्हणून लिहितेय.

ॲनिमेशनमध्ये पडद्यावर एका सेकंदात 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं, तरी सेकंदाला 12 चित्रं काढावी लागतात. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा चित्रांतला कच्चा आराखडा, एकाचा, पार्श्वभूमी दुसरीची, हालचाल माझी, आवाज आणखी कुणाचा. एकट्यानं हे रेटायचं म्हटलं तर आयुष्य जाईल.

पण सोबत हवी ती फक्त कामं वाटून घेण्यासाठी नाही. दर आठवड्याला आम्ही अर्धंकच्चं काम सगळ्यांसमोर लावतो. पिक्सार या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओतल्या ‘ब्रेनट्रस्ट’ बैठकांचा नियम आम्ही उचललाय: मत स्पष्ट मांडायचं, पण ते मानायचं बंधन दिग्दर्शकावर नाही. परवा माझ्या प्रसंगावर एक मुलगी म्हणाली, “ही बाई रडत नाहीये, रडून दाखवतेय.” आई, मला लागलं. पण तिचं बोट चित्राकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. लगेच ध्वनीवाला म्हणाला, “तिला हलवूच नकोस, मी नुसता श्वास देतो.” आणि प्रसंग उभा राहिला! तो आता कुणाचा, हे मला सांगता येणार नाही, आणि याचा मला फार आनंद आहे.

सगळे सगळ्यांना ‘छान छान’ म्हणतात, ती टीम मला धोक्याची वाटते. तिथे माणसं गोड राहतात आणि काम बिघडतं.

ज्या ब्लेंडर नावाच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरवर मी रोज काम करते, तेही असंच अनेकांच्या हातांमुळे टिकलं. 2002 मध्ये लोकांनी वर्गणी काढून 1,00,000 युरो उभे केले, म्हणून त्याचा कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, सगळ्यांसाठी खुला झाला. 2006 मध्ये एका लहान टीमनं त्यावर लघुपट केला आणि कामाच्या फायलीसुद्धा वाटून टाकल्या. शिकणाऱ्या कितीजणांना त्याचा उपयोग झाला असेल!

नव्या जागी मी एकटी ठरवणार आणि बाकीचे ते करणार, असं काम होतं. पगार बरा होता, हे खरंय. पण इथे आता बैठकीत सगळ्यात नवखा आधी बोलतो आणि दिग्दर्शक शेवटी. ही पद्धत मी मागून घेतलीय. पुढच्या लघुपटात ती पहिल्या दिवसापासून चालवायची आहे, आणि ती जबाबदारी माझ्याकडे आहे.

तुमची,
लेक