गिटारच्या मापाने व्हायोलिनचा आवाज ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला आहे आणि त्यामागोमाग दिवाळी पहाटेचे कार्यक्रम ठरू लागतील. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दोन साध्या गिटार आणि एक इलेक्ट्रिक व्हायोलिन असा मेळ हौसेने बसवला जातो. गायक नसतो, नुसती तीन वाद्ये. जमला तर हा प्रकार फार गोड लागतो. पण बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच व्हायोलिन कानात घुसू लागते, गिटार वाजताना दिसते पण ऐकू येत नाही, आणि 'इलेक्ट्रिक वाद्य म्हणजे गोंगाट' असे म्हणत जाणते श्रोते उठून जातात. या वाद्याला नाहक दूषण मिळते. चुकते ती आवाज जोडायची रीत, आणि ती सुधारायला फारसा खर्च येत नाही. मंडळे, आयोजक आणि साऊंडवाले या तिघांपर्यंत हे पोहोचावे म्हणून हे पत्र.

साधी गिटार पोकळ असते. स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, तिथली हवा साधारण १०० हर्ट्झला आणि वरची फळी २०० हर्ट्झच्या आसपास घुमू लागते, तो घुमारा पुन्हा पिकअपमधून (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या तुकड्यातून) स्पीकरला जातो आणि 'घूंऽऽ' सुरू होते. इलेक्ट्रिक व्हायोलिनचे अंग बहुधा भरीव असते, त्यामुळे त्याचा आवाज वाढवाल तितका वाढतो. म्हणजे या मेळात आवाजाची मर्यादा गिटारची आहे आणि जुळणीही तिथूनच सुरू करायला हवी. पहिल्या गिटारचा आवाज घुमू लागेपर्यंत चढवा, मग ६ डेसिबल खाली आणा. दुसरीचेही तसेच करा. दोन्ही एकत्र वाजवून घुमत नाहीत ना, हे पाहा. मग व्हायोलिन हळूहळू वर आणा आणि गिटारच्या तारेवर पडणारे नख ऐकू येईनासे होण्याच्या आधी थांबा. त्या ठिकाणी मिक्सरच्या फेडरशेजारी (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीशेजारी) चिकटपट्टी लावून खूण करा. कार्यक्रम चालू असताना पुढच्या रांगेतून 'व्हायोलिन जरा वाढवा' असा निरोप येतो, तेव्हा ती खूण ओलांडायची नाही. गिटारच्या भोकावर रबरी झाकण बसवले आणि मिक्सरवर ८० हर्ट्झखालचे सगळे कापले, तर घुमणे बरेच टळते. व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झची, म्हणून पाच तारांचे व्हायोलिन नसेल तर तिथे १५० पर्यंत कापायला हरकत नाही.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट. व्हायोलिनचा आवाज 'टिनपत्र्यासारखा' येतो अशी तक्रार असते, तेव्हा नव्वद टक्के दोष जोडणीत असतो असे आम्ही खात्रीने म्हणतो. व्हायोलिनच्या घोडीखालचा पिएझो (दाबातून वीज करणारा) पिकअप विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) असतो. तो १ नॅनोफॅरडचा धरा. ही केबल थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसली, आणि त्या इनपुटचा रोध १० किलोओहम असला, तर १६,००० हर्ट्झखालचा सगळा आवाज उतरत जातो. खर्ज जातो, मधला भाग जातो, उरते ती चरचर. मग ऑपरेटर बिचारा बास वाढवतो आणि त्याबरोबर घरघरही वाढते. तोच पिकअप १ मेगाओहम रोधाच्या इनपुटला जोडला की ही उतरण १६० हर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे व्हायोलिनच्या खालच्या तारेच्याही खाली. यासाठी मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी डबी) लागतो, आणि तोही अ‍ॅक्टिव्ह. मंडपात सहसा मिळणारा साधा पॅसिव्ह (बिनविजेचा) डीआय दीड लाख ओहमच्या आतबाहेर असतो. तो कीबोर्डला उत्तम, पिएझोला अपुरा. अ‍ॅक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून केबलमधूनच येणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. लहान मिक्सरवर ती सोय नसेल तर बॅटरीवर चालणारा घ्यावा.

केबलचेही तेच. साध्या जॅक केबलमध्ये मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असतात. पाच मीटर केबल टाकली की वर सांगितलेल्या पिकअपचा एक तृतीयांश सिग्नल केबलमध्येच जिरतो. म्हणून वाद्य ते डीआय अंतर जितके कमी तितके बरे, आणि तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर (माइकला लागते ती तीन पिनांची) केबल, ती तीस मीटर गेली तरी चालते. व्हायोलिनमध्ये किंवा गिटारमध्ये सिग्नल वाढवणारा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प असेल तर हा त्रास बराच कमी. मात्र त्यातली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोजून घ्यावी. नवी साडेनऊच्या आसपास दाखवते, सातवर आली की आवाज फाटू लागतो. जॅक लावून ठेवला की बॅटरी चालूच राहते, त्यामुळे दुपारी तपासून तशीच ठेवलेली गिटार रात्री ऐनवेळी दगा देते.

मॉनिटरकडे (वादकाला ऐकू यावे म्हणून त्याच्यासमोर ठेवलेल्या स्पीकरकडे) आयोजक फार दुर्लक्ष करतात. भरीव व्हायोलिनचा स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. समोरचा मॉनिटर बंद किंवा बारीक असेल तर वादकाला आपला सूर ऐकू येत नाही, तो गज दाबून ओढू लागतो, आवाज कर्कश होतो आणि बोटे सुरावरून सरकतात. ऐकणाऱ्याला वाटते, वादक कच्चा आहे. व्हायोलिनवाल्याच्या मॉनिटरमध्ये त्याचे स्वतःचे वाद्य ठळक हवे, गिटारवाल्यांच्या मॉनिटरमध्ये व्हायोलिन अगदी थोडे. म्हणजे मिक्सरला निदान तीन वेगळे ऑक्स (मॉनिटरकडे जाणाऱ्या स्वतंत्र वाटा) हवेत. तिघांनी दोन मीटरच्या आत बसावे. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, आणि रंगमंचाच्या दोन टोकांना बसून लय घट्ट ठेवणे जड जाते.

सुराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले तो हा मुलूख आहे आणि इथल्या श्रोत्याला गंधार हलला की कळते. गिटारचे पडदे समान स्वरांतराने बसवलेले, व्हायोलिनला पडदे नाहीत. व्हायोलिनवाला कानाने शुद्ध गंधार लावतो, तो गिटारच्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी १४ भागांनी उतरा असतो. डी पट्टीत मधल्या सप्तकात गिटारचा गंधार ३७० हर्ट्झ, व्हायोलिनचा ३६७. दोन्ही लांबवले की सेकंदाला तीन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. हे रियाजाने जाणारे नाही. उपाय असा की गिटारने पडद्यावरचा गंधार दाबूच नये. डी-ए-डी-जी-ए-डी या जुळणीत मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा होतात, गंधार येतच नाही, आणि व्हायोलिनच्या नेहमीच्या चार तारा म-सा-प-रे अशा बसतात. यमन किंवा भूप वाजवायचा असेल तर मोकळा शुद्ध मध्यम खटकतो, तेव्हा तिसरी तार गंधारावर उतरवावी. ती ट्यूनरच्या (सूर दाखवणाऱ्या यंत्राच्या) हिरव्या दिव्यावर न लावता व्हायोलिनच्या गंधाराशी कानाने मिळवावी. तंबोरा मिळवणाऱ्याला हे सांगायला नको.

व्हायोलिनची जी आणि गिटारची तिसरी तार दोन्ही १९६ हर्ट्झच्या. व्हायोलिन ए तारेवरून शुद्ध पंचमांनी मिळवत खाली आले की जी किंचित उतरते, आणि दोन्ही मोकळ्या तारा एकत्र छेडल्या की दोन सेकंदांना एक हेलकावा येतो. ही तार गिटारवरूनच मिळवून घ्यावी. सगळ्यांचे ट्यूनर ए स्वरासाठी ४४० हर्ट्झवर आहेत का, हेही एकदा बघावे. एखादा ४४२ वर राहिलेला असतो.

बसवणुकीत सर्रास होणारी चूक म्हणजे दोन्ही गिटार एकाच जागी, एकाच कॉर्डवर झोडपणे. १०० ते ४०० हर्ट्झचा सगळा भाग भरून जातो आणि दोन्ही मिळून एकच चिखल होतो. एक गिटार खालच्या स्वरांत ठेवा. दुसरी नेहमीच्या जुळणीत, सातव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी चा आकार धरला की डी च वाजतो, पण वरच्या जागी. मग व्हायोलिनने गिटारच्या मधल्या भागात उतरायचे टाळावे, ए आणि ई तारांवर राहावे. गिटारचा स्वर छेडला की विरत जातो, व्हायोलिनचा हवा तितका टिकतो. म्हणून गिटारचा एकल भाग आला की व्हायोलिनने खुशाल गज उचलावा. अशा मेळातला संयम ऐकायचा असेल त्यांनी गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन आणि व्हायोलिनवादक एल. शंकर यांचे १९७५ नंतरचे 'शक्ती' या वाद्यवृंदातले वादन ऐकावे. तिथे व्हायोलिन साधे आहे, पण जागा देण्याची शिस्त तीच.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार हवा. श्रावण-भाद्रपदात, विशेषतः खानापूर बाजूला, गिटारची फळी फुगते आणि तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटरवर असावी, त्याहून फार वर गेली की दाबताना सूर चढतो. गजाचे केस दमट हवेत लांबतात आणि कोरड्या एसी सभागृहात ताणले जातात, तेव्हा गज वाजवून झाल्यावर सैल करूनच ठेवावा.

विजेबाबत एकच कळकळीची विनंती. ५० हर्ट्झची घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढू नका, तो जिवाशी खेळ आहे. आवाजाचे सगळे सामान एकाच बोर्डावरून घ्या, रोषणाईचे डिमर वेगळ्या लाइनवर टाका, तरीही घरघर राहिली तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे (फक्त सिग्नलच्या केबलची अर्थिंग तोडणारे) बटण दाबा.

साऊंडची ऑर्डर देताना मंडळांनी कागदावर लिहून घ्यावे: तीन अ‍ॅक्टिव्ह डीआय, तीन मॉनिटर स्वतंत्र ऑक्सवर, आणि प्रेक्षक आत सोडण्यापूर्वी पूर्ण एक तास वादकांसाठी मोकळा. रात्री १० नंतर भोंगे बंद करावे लागतात. संध्याकाळी सत्कार लांबले की हाच तास आधी कापला जातो, तेव्हा सत्कार मध्यंतरात ठेवावेत.

आपले,
काही गिटार व व्हायोलिनवादक, टिळकवाडी, बेळगाव