उम्या, मिझनचे ब्रेस पुढे जातात

प्रिय उम्या,

तुझे हार्टलपूलचे फोटो मिळाले, सगळे बघितले, काही तर मोठे करून करून इतके बघितले की मोबाईल गरम झाला. थंडीत दीड-दोन तास गाडी चालवून माझ्यासाठी गेलास, डेकवर उभा राहून मान वर करून एकेका दोरीचा फोटो काढलास, ह्याबद्दल थँक्यू वगैरे म्हणणार नाही, पण त्या फोटोंमुळे काय काय झालं ते नीट सांगायचंय आणि फोनवर ते जमत नाही, तू कायम ऑफिसच्या वाटेवर असतोस. म्हणून हे पत्र.

तर ट्रिंकोमाली, म्हणजे तू हार्टलपूलला बघितलेल्या जहाजाचं माझं मॉडेल, आता माझ्या टेबलावर उभी आहे. स्केल एकास शहाण्णव, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट माझ्याकडे आठवा भाग इंच. खऱ्या फ्रिगेटचा, म्हणजे ह्या जातीच्या लढाऊ जहाजाचा, गन डेक (तोफांचा मजला) साधारण दीडशे फूट, माझा पावणेएकोणीस इंच, आणि पुढे बाहेर आलेल्या काठ्या, बोस्प्रिट आणि जिबबूम, धरून सव्वीस-सत्तावीस इंच होतं. हल, म्हणजे जहाजाचं अंग, मागच्या वर्षीच पूर्ण झालं होतं. सागाचंच केलं, दुसरं लाकूड लावायला मन होईना, कारण ती आपल्या मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागात बांधलेली, जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली, १८१७ च्या १२ ऑक्टोबरला पाण्यात उतरली. आणि तू तिच्या डेकवर चालून आलास! दोनशे वर्षांवर झाली, अजून पाण्यावर तरंगतेय. तिच्याहून जुनं तरंगतं लढाऊ जहाज जगात एकच, बॉस्टनचं कॉन्स्टिट्यूशन, आणि गंमत बघ, ट्रिंकोमालीचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला ज्या जावा जहाजातून निघाले होते ते जावा ह्याच कॉन्स्टिट्यूशननं डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ हरवलं, नकाशे गेले, मग परत नवीन सेट पाठवावा लागला. हे मी काकांना, तुझ्या बाबांना, सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, तरी बांधलं ना.

हो, काका. मुख्य गोष्ट त्यांचीच आहे.

मी गेले तीन महिने रिगिंग, म्हणजे डोल आणि दोऱ्यांचं काम, करत होतो. आधी डोल, म्हणजे शिडांच्या उभ्या काठ्या. प्रत्येक डोल तीन तुकड्यांचा, खालचा मास्ट, त्यावर टॉपमास्ट, त्यावर टॉपगॅलंट, आणि हे तुकडे एकमेकांवर चढतात तिथं थोडा भाग शेजारीशेजारी असतो, तो कॅप आणि क्रॉसट्रीज ह्या लाकडी तुकड्यांनी धरलेला. मग श्राउड, म्हणजे डोल दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या जाड दोऱ्या. हे जोडीनं डोलाच्या डोक्यावरून घालायचे, आधी उजव्या बाजूची सगळ्यात पुढची जोडी, मग डाव्या बाजूची, मग परत उजवी, असं आळीपाळीनं. एका बाजूचे सगळे आधी घालून ताणले तर डोल तिकडे झुकतो आणि परत सरळ होत नाही, चार-पाच मिलीमीटरच्या काठीला तेवढा ताण पुरतो. त्यानंतर स्टे, म्हणजे डोल पुढून धरणाऱ्या दोऱ्या.

ह्या टप्प्यावर मी पहिली मोठी चूक केली होती. पुस्तकात जाडी इंचात दिलेली असते, मी नऊ इंची श्राउड वाचला, शहाण्णवनं भागलं, साधारण अडीच मिलीमीटर आलं, तेवढा दोरा लावला. दिसायला ते जहाज नाही, विहिरीचा रहाट वाटत होतं. का असं दिसतंय ते कळेना. रविवारी ताईकडे गेलो होतो, काकांना मोबाईलवर फोटो दाखवला आणि विचारलं. काकांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, अरे दोर घेरानं मोजतात. गोदीत आम्ही घेरानंच मोजायचो, नऊ इंची म्हणजे नऊ इंच घेर. झालं! नऊ भागिले तीन पूर्णांक चौदा, म्हणजे पावणेतीन इंचाच्या थोडा वर व्यास, ७३ मिलीमीटर, ते भागिले शहाण्णव, पाऊण मिलीमीटर. तिप्पट जाड दोर लावला होता मी. सगळे श्राउड कापून काढले.

उम्या, तुझ्या वडिलांनी एकतीस वर्षं डॉकयार्डात रिगर, म्हणजे दोरकाम करणारा, म्हणून काढली आणि आपण लहानपणी फक्त त्यांच्या हातांना येणारा डांबराचा वास ओळखायचो. आठवतंय, कॉलनीत झोपाळ्याची दोरी त्यांनी स्प्लाइस करून दिली होती, गाठ न मारता, दोरीचे तीन पदर उलगडून परत दोरीतच ओवून? आपण दोघं त्यावर लोंबकळलो होतो ती सुटते का बघायला. सुटली नाही. मी त्या वेळी बघितलं नाही त्यांनी कसं केलं. आता पंच्याऐंशीव्या वर्षी ते मला शिकवतायत, आणि ताई म्हणते, बाबा रविवारची वाट बघतात, शनिवारपासून विचारतात दिलीप येणार का.

दोऱ्याचंही सांगतो, कारण त्यावर माझे दोन महिने गेले. आधी सुती वापरला. मुंबईची हवा तुला माहितीये, पावसात जे श्राउड तारेसारखे ताठ होते ते दिवाळीनंतर पोटात लोंबले. काका म्हणाले हे खऱ्या जहाजावरही होतंच, दोर ओला झाला की आखडतो, वाळला की ढिला पडतो, म्हणून खलाशी सारखे ताण बघत फिरायचे. पण माझ्या जहाजावर फिरायला खलाशी नाहीत. मग पॉलिस्टरचा दोरा घेतला, दादरला शिवणाच्या सामानाच्या दुकानातून, आणि स्वतःच तीन पदर पिळले, एका लाकडी फळीवर हुक आणि जुन्या खेळण्याची दातेरी चाकं लावून छोटंसं यंत्र केलंय. पिळून झालं की मधमाशांच्या मेणावरून एकदा ओढायचा, म्हणजे बारीक तंतू बसतात. सुपरग्लू लावायचा नाही, दोरा काचेसारखा कडक होतो आणि चमकतो, मोडतोसुद्धा. पातळ केलेला पांढरा डिंक पुरतो. श्राउड आणि स्टे काळपट तपकिरी, कारण त्यांना डांबर लागायचं, आणि हलत्या दोऱ्या फिकट, गवताच्या रंगाच्या. एवढा एक फरक नीट केला की जहाज वाचता येतं, कुठली दोरी धरते आणि कुठली ओढते ते लांबून कळतं.

आता परभाणं, म्हणजे शीड टांगायच्या काठ्या. हा शब्द मला काकांकडूनच मिळाला, त्यांच्या दाभोळच्या बोलीतला, मी यार्ड यार्ड म्हणत होतो. आपल्या कोकणातल्या मचव्याला लांब तिरकं एकच परभाण असतं, डोलाला टेकवलेलं, आणि फ्रिगेटला आडवी, तीन डोलांवर खाली एक, मध्ये एक, वर एक. त्याहून वरची, रॉयल, मी धरलेली नाहीत. मुख्य डोलाचं खालचं परभाण खऱ्यात ऐंशी फुटांच्या आसपास, म्हणजे माझ्याकडे पंचवीस सेंटीमीटर, मधली जाडी पाच मिलीमीटर आणि टोकाला दोन. हा निमुळतेपणा सरळ रेषेत नसतो. मधून टोकाकडे चार भाग करायचे, पहिल्या भागात जाडी जवळजवळ तीच, दुसऱ्यात सात अष्टमांश, तिसऱ्यात सात दशांश, आणि टोकाला तीन सप्तमांश. त्यामुळे परभाण मध्ये भरदार राहतं आणि टोकाकडे झपकन बारीक होतं. मी आधी पेन्सिलीसारखं सरळ तासलं होतं, ते कपडे वाळत घालायची काठी वाटत होतं. आता चौकोनी काठी घेतो, आधी आठ पैलू करतो, मग सोळा, मग ड्रिलला लावून सँडपेपरनं गोल, आणि मधला भाग मात्र आठ पैलूंचाच ठेवतो, कारण खऱ्या खालच्या परभाणांना तसा असायचा. खालची सागाची, वरची बारीक आहेत ती बांबूची, बांबू चिरून तासला तर एक मिलीमीटरलाही मोडत नाही.

आणि उम्या, हे कोणाला सांगितलं तरी पटत नाही, पण परभाण जहाजावर चढवायच्या आधीच त्याचं सगळं काम टेबलावर करून घ्यायचं. सगळे ब्लॉक, म्हणजे कप्प्या, बांधायचे, फुटरोप लावायचे. फुटरोप म्हणजे परभाणाखाली लोंबणारी दोरी, तिच्यावर उभं राहून, पोट परभाणाला टेकवून खलाशी शीड आवळायचे, खाली डेक नाहीतर समुद्र. ती दोरी अधूनमधून आखूड दोऱ्यांनी वर धरलेली असते, त्यांना स्टिरप म्हणतात, रिकिबीच त्या. फुटरोप छान पोट सोडून लोंबला पाहिजे आणि बारीक दोऱ्याला वजनच नसतं म्हणून तो वर कुरळा राहतो. मी पातळ डिंक लावून, कपड्याचे छोटे चिमटे लटकवून रात्रभर ठेवले. सकाळी बरोबर वाकलेले.

खालची परभाणं डोलाला जवळजवळ कायम एकाच उंचीवर टांगलेली, पण वरची, टॉपसेलची (मधल्या शिडांची), वरखाली सरकतात. म्हणून त्यांना डोलाभोवती पॅरल, म्हणजे मण्यांची माळ, मधे लाकडी पट्ट्या, म्हणजे दोरी न घासता परभाण घसरत वर जाईल. ते मणी मी पोत ओवणाऱ्या मावशींकडून आणले, सगळ्यात बारीक, तपकिरी. त्यांनी विचारलं कशाला, मी म्हटलं जहाजाला, त्यांनी पैसे घेतले नाहीत. शीड मी लावलेली नाहीत, आणि शीड नसलं तर टॉपसेलचं परभाण वर ठेवायचं नसतं, खाली कॅपवर उतरलेलं असतं आणि दोन्ही टोकं वर धरणाऱ्या दोऱ्या, लिफ्ट, ताणलेल्या. तुझ्या फोटोंची मी आधी इथंच मदत घेतली.

आता ब्रेस. ब्रेस म्हणजे परभाणाच्या टोकाला बांधलेली, त्याला वाऱ्याप्रमाणे डावीउजवीकडे फिरवणारी दोरी. पुढच्या डोलाचे ब्रेस मागच्या मुख्य डोलाकडे, मुख्य डोलाचेही मागे. मी विचार केला, मग मिझनचे, म्हणजे सगळ्यात मागच्या डोलाचे, मागे जहाजाच्या टोकाशी जाणार, तसेच बांधले, चार दिवस लागले, छान दिसत होते. त्याच रविवारी जहाज खोक्यात घालून रिक्षातून पुलावरून ताईकडे नेलं, काकांना प्रत्यक्ष दाखवायला पहिल्यांदाच. काकांनी भिंग मागितलं. पुढून सुरुवात केली, एकेक दोरी बोटानं न शिवता वरून खाली, कोण कुठं जातं ते पुटपुटत. मिझनशी आले आणि थांबले. म्हणाले, इथं मागं स्पँकर असतं ना? मोठं शीड, आडवंतिडवं फिरणारं? मग ह्या दोऱ्या त्याच्या वाटेत नाही का आल्या?

मी लगेच तुझा फोटो काढला, मिझन मागून घेतलेला. उम्या, त्यात स्पष्ट दिसतंय. मिझनच्या परभाणांचे ब्रेस पुढे जातात, मुख्य डोलाकडे. तू तो फोटो काढताना तुला माहीतही नसेल काय काढतोयस. आणि काकांनी आयुष्यात ह्या जातीचं जहाज बांधलेलं नाही, त्यांनी मोठ्या लोखंडी युद्धनौकांच्या वायर रोप आणि नायलॉनच्या दोऱ्या हाताळल्या, तरी दोरी कोणत्या वाटेनं जाऊ शकते आणि कोणत्या वाटेनं नाही हे त्यांना दिसतं. मी तीन पुस्तकं वाचून ते बघितलं नव्हतं. मिझनचं खालचं परभाण क्रॉसजॅक, त्याला स्वतःचं शीडच नसतं, ते फक्त वरच्या टॉपसेलचे खालचे कोपरे ताणून धरायला असतं, हेही मला माहीत होतं, पण ब्रेस कुठं जातात हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. चार दिवसांचं काम कापलं. काकांसमोरच, त्यांच्या टेबलावर, ताईच्या नखं कापायच्या कात्रीनं.

आणि बांधायलाही तिथंच बसलो. ब्रेसची जोडी एकदम ओढायची, डावा आणि उजवा सारखा, अंगठ्याखाली धरून, कारण एक जास्त ताणला तर टॉपमास्टच पिळतो. काकांची बोटं आता कापतात, त्यामुळे ते दोरा धरत नाहीत, पण तोंडानं सांगतात, सैल, सैल, बास. त्या दिवशी मिझनचे सगळे ब्रेस बसले. परत येताना खोकं मांडीवर होतं, पाऊस पडायला लागला आणि रिक्षावाल्यानं स्वतःहून बाजूचा पडदा सोडला.

पुढचं काम रॅटलाइन. श्राउडवरच्या शिडीच्या पायऱ्या, माझ्या स्केलला दोन पायऱ्यांत चार मिलीमीटरही नाही, प्रत्येक श्राउडवर क्लोव हिच. हजारावर गाठी होतील. घाई नाही, रोज दोन ओळी.

आता तुला काम. परत जाशील तेव्हा दोन गोष्टींचे फोटो हवेत, आणि हे माझ्यासाठी नाही, काकांनी मागितलेत. एक, श्राउड खाली जिथं डेडआयभोवती, म्हणजे भोकं पाडलेल्या गोल लाकडी ठोकळ्याभोवती, वळतात आणि परत स्वतःलाच बांधलेले असतात ती जागा, अगदी जवळून. दुसरं, कुठंही आयस्प्लाइस, म्हणजे दोरीच्या टोकाला ओवून केलेला फास, दिसला तर तो, आणि दोरीवर बारीक दोरी गुंडाळलेली असेल, सर्व्हिंग, तर तीसुद्धा. त्यांना बघायचंय की सर्व्हिंग पिळाच्या उलट दिशेनं गुंडाळलंय का. वर्मिंग (पिळाच्या खाचांत बारीक दोरी भरणं) आणि पार्सलिंग (वर कापडाची पट्टी गुंडाळणं) पिळाच्या दिशेनं, सर्व्हिंग उलट, असं त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. तिथं कोणी रिगिंगवर काम करणारा माणूस भेटला तर त्याच्याशी बोल, सांग माझे वडील मुंबई डॉकयार्डात रिगर होते. नक्की सांग.

फोटो मला नको पाठवूस, थेट ताईच्या फोनवर पाठव आणि रविवारी सकाळी नऊनंतर व्हिडिओ कॉल कर, तुझ्याकडे पहाटच असेल पण काका तेव्हा आंघोळ करून बसलेले असतात आणि मी भिंग घेऊन शेजारी असेन.

तुझा,
दिल्या