गोव्यात बोगमाळोच्या नेव्हीच्या विमानांच्या म्युझियममधल्या छत्रीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कोणी ओळखत असाल तर त्यांच्यापर्यंत पोचवा प्लीज. सप्टेंबरात कुडाळकडून सातवीची 38 पोरं घेऊन आलेली बाई, आठवतेय ना? बस वाटेत बंद पडलेली, आम्ही दोन तास लेट, वर पाऊस, आणि मला विमानातलं ओ की ठो कळत नाही. प्लॅन काय, तर नेव्हीच्या विमानांसमोर फोटो काढायचे आणि बीचवर सटकायचं. तुम्ही नातवाला घेऊन सहज आलेले, आमचा गोंधळ बघून छत्री उघडून सरळ पुढे चालायलाच लागलात.

सी हॉक नावाच्या नेव्हीच्या जुन्या जेटपाशी आमच्या एका पोराने विचारलं, जेट आहे तर धूर कुठून येतो, शेपटीला भोकच नाही. मला वाटलं आगाऊपणा चाललाय, पण तुमचा चेहरा असा खुलला की बस. पंख जिथे अंगाला चिकटतो तिथलं भोक दाखवलंत, मग सगळ्यांना पलीकडे नेऊन दुसरं, इंजिन एकच पण पाइप दोन्हीकडे फुटलेला. मग "बघ रे झिला, ह्या पंखाक बिजागरी आसा" म्हणत पंख कुठे दुमडतो ते छत्रीच्या टोकाने दाखवलंत. विक्रांत या विमानवाहू जहाजावर जागा कमी, म्हणून उतरल्यावर पंख वर. एवढं सोपं, पण मी इतकी वर्षं नुसतेच फोटो बघत आलेय.

आणि ते अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन! आधी एअर इंडियाचं, नाव राणी ऑफ एलोरा, म्हणजे आपल्या वेरूळची राणी की हो. मग एअर फोर्सकडे, आणि 1976 साली नेव्हीत, समुद्रावर पहारा द्यायला. तीन शेपट्या कशाला, तर एकच उंच केली असती तर हँगरच्या दारात अडकली असती. गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर 1961 मध्ये, आपल्या बॉम्बनी इथल्याच दाबोळी विमानतळाचा रनवे फोडला तरी रात्रीच्या अंधारात पोर्तुगीजांचं असलंच एक विमान तिथून उडून कराचीला गेलं, हे सांगितलंत तेव्हा पाऊस सुरू आहे हे पोरं विसरलीच.

पण मला खरं लक्षात राहिलं ते तुम्ही शेवटी शेडखाली सांगितलेलं. जानेवारी 1997 मध्ये विक्रांत निवृत्त झाली, ऑक्टोबर 1998 मध्ये हे म्युझियम उघडलं, बोर्डावर एवढंच मावतं. निवृत्त विमान नुसतं आणून ठेवलं की झालं असं मला वाटायचं. तर नाही, टाकीतलं इंधन-ऑइल काढा, भोकं बुजवा नाहीतर पाखरं घरटी करतात, टायरवरचा भार काढा, आणि मग खारा वारा, तो तर दिवसरात्र पत्रा खातोच, म्हणून धुवा, घासा, रंगवा, पुढच्या पावसाळ्यानंतर परत तेच. नंतर 2016 ला नेव्हीची सी हॅरियर जेट निवृत्त झाली, म्हणजे आणखी एक पाहुणी सांभाळायला. तुम्ही स्वतः यातलं किती केलंय ते विचारलं तर हसून टाळलंत, पण एका रिव्हेटपाशी पोपडा आलेला तो तुम्ही जाता जाता नखाने खरवडून बघितलात ना, ते मी पाहिलं.

बीच राहिला. एकानेही कुरकुर केली नाही. परतताना बसमध्ये वहीच्या पुठ्ठ्याचं विमान तयार झालं, पंखाला बिजागरी म्हणून चिकटपट्टी. ते आता वर्गात ट्यूबलाइटला लटकतंय, त्यालाही मधूनमधून धुवायला पाहिजे असं पोरांचं ठाम मत आहे, पुठ्ठ्याला कुठलं पाणी लावताय म्हटलं तर ऐकत नाहीत.

तर काका, मनापासून थँक्यू. आणि मेन मुद्दा, तुमची काळी छत्री आमच्या बसमध्ये राहिलीय. एक काडी मोडली होती, ती शिपाईमामांनी तारेने बांधून दिलीय. जानेवारीत सहावीला घेऊन येतोय, तेव्हा आणते, सोबत मालवणी खाजंपण.

तुमची,
कुडाळची बाई