कोल्हापूरच्या काकांना, गार इंजिनासाठी

काका नमस्कार,

तुमच्याकडून घेतलेली सेकंडहँड हार्ली-डेव्हिडसन बाईक, फॅट बॉय, पुण्यात सुखरूप पोचली हे फोनवर सांगितलंच, पण नुसतं थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून चुटपुट लागलीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्याआधी जेवढ्या सेकंडहँड हार्ली बघितल्या, त्या सगळ्या मी पोचायच्या आत चालू करून गरम केलेल्या, म्हणजे गार इंजिन चालू करताना कळणाऱ्या खोडी झाकल्या जातात. एक डीलर तर वर घाई करत होता, २०२० ला कंपनीने हरियाणातला बावलचा कारखाना बंद केला, आता असा पीस मिळायचा नाही, आजच टोकन टाका. 'सिंगल ओनर' म्हणे, आणि आरसीवर दोन मालक आधीच होऊन गेलेले! सायलेन्सरला हात लावला तर चटका बसला, त्यावर उत्तर काय, तर उन्हात उभी होती साहेब. गाडी शोरूममध्ये, एसीत.

तुम्ही कव्हरसुद्धा मी आल्यावरच काढलंत. "आधी हात लावून बघ, कालपासून चालू केली नाही, मुद्दाम गार ठेवलीय तुझ्यासाठी." हे एक वाक्य मी विसरणार नाही काका. १६९० सीसीचं ट्विन कॅम इंजिन चालू झालं, टॅपेटची (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक ऐकून माझं तोंड उतरलं, तुम्ही नुसता हात वर केलात, थांब, तेल चढू दे वर. काही सेकंदात टकटक गेली आणि उरली ती आपली नेहमीची ठेक्यातली धडधड. मी न विचारता क्रॅश गार्डवरचा ओरखडा दाखवलात, मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टवर टॉर्च मारून दात न् दात बघायला लावलात. गिऱ्हाईक पळून जाईल ही भीतीच नाही! व्यवहारात असं सरळ वागणारी माणसं अजून आहेत, फक्त ती जाहिराती करत नाहीत त्यामुळे सापडायला वेळ लागतो.

येताना खंबाटकीच्या बोगद्यात थोडा थ्रॉटल दिला, खोटं कशाला बोलू. इंजिन, प्रायमरी (क्लचकडची चेन असते तो भाग), गिअरबॉक्स, तिन्हीकडचं ऑइल तुम्ही सांगितलंत तसं बदलून घेतलंय, बिल व्हॉट्सॲप करतो.

आणि काकू, काकांना आता दुसरी गाडी घेऊ देऊ नका. घेतलीच तर विकताना पहिला फोन मला.