हातमोजे काढ, असं मीच सांगितलं होतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला २८ वर्षं शिकवलं. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, हातमोजे घालून उभ्या राहिलेल्या पोराला मी सरळ शेडबाहेर काढत असे. तुकडा पकडणाऱ्या फिरत्या चकात मोज्याचा एक धागा अडकला की मागोमाग बोट जातं, मग मनगट. तो नियम बरोबरच होता. निवृत्तीनंतर श्रीवर्धनला वाडीत राहायला आलो आणि तोच नियम भलत्या ठिकाणी लावला.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या सुपाऱ्या, माड आणि एक जुना फणस आडवा झाला. शेजारचा मुलगा कटर घेऊन आला (चेनसॉला, म्हणजे इंजिनावरच्या साखळीच्या करवतीला, आमच्याकडे कटरच म्हणतात). त्याने चामड्याचे मोजे चढवले, तसा मी ओरडलो, "मशीनवर मोजे? काढ आधी!" मला सर म्हणतो, काढले बिचाऱ्याने. चार दिवस उघड्या हातांनी कापत होता. पाऊस, घाम, वर फणसाचा चीक. हँडल हातात ठरेना. संध्याकाळी बोटांना एवढ्या मुंग्या, की कपाचा कान धरवत नव्हता. शेवटच्या दिवशी साखळीला कानस मारताना हात सटकला आणि बोटं दात्यांवर घासली. इंजिन तेव्हा बंद होतं!

मग मशीनची पुस्तिका उघडली. त्यात हातमोज्यांचं चित्रच होतं. शिकवणारा माणूस पुस्तिका वाचत नाही, हा आम्हा मास्तरांचा जुना दोष.

लेथवर हात फिरत्या कामाजवळ जातो. कटर चालू असताना दोन्ही हात हँडलवरच हवेत. साखळीशी हात नेण्याचं कामच नाही. इथे मोजा पकड देतो, थरथर थोडी कमी करतो, तापलेल्या सायलेन्सरचा चटका वाचवतो. मात्र हार्डवेअरच्या दुकानातले ढगळ सुती मोजे नकोत; भिजले की तेच सटकतात. तळव्याला चामडं, मनगटाशी घट्ट, असे हवेत. खास कटरसाठीच्या काही मोज्यांत डाव्या हाताच्या पाठीवर लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. पुढचं हँडल डाव्या हातात, म्हणून डावा. साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि साखळी थांबवतात. म्हणजे लेथवर जो धागा घात करतो, तोच इथे हात वाचवायला घातलेला. सेकंदाला वीसएक मीटर पळणाऱ्या साखळीपुढे त्याचीही हमी नाही, पण साध्या चामड्यापेक्षा पुष्कळ बरं.

पावसाळ्याआधी फांद्या उतरवायला ही मुलं वाडी-वाडी फिरतात. आपण झाडामागे पैशांची घासाघीस करतो, मोज्यांचा विषय कुणी काढत नाही. यंदा मी मजुरीवर मोज्यांचा एक जोड धरला. तो मुलगा हसून म्हणाला, "सर, तुम्हीच ना काढायला लावले होते?"

हो, मीच.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, श्रीवर्धन, जि. रायगड