जर्नल उतरवण्यातच आमचा अभ्यासाचा वेळ संपतो

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ॲडमिशनच्या दिवसात पेपरात फार्मसीच्या बातम्या भरपूर येतात, कट ऑफ किती, कॅप राउंड कधी, किती सीटा रिकाम्या. पण ॲडमिशन झाल्यावर त्या पोरापोरींचं पुढे कसं चालतं, दिवसभर ते काय करतात, झोपतात किती, यावर कुठे काही वाचायला मिळत नाही म्हणून, आणि खास करून जर्नलबद्दल म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीबद्दल, हे पत्र लिहितेय. मी बी. फार्म.च्या सातव्या सेमिस्टरला आहे, मराठवाड्यातल्या एका कॉलेजात. दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरी शेती, आणि रोज एसटीने जाऊन येऊन तीन तास जातात.

आधी लोड किती असतो ते सांगते कारण घरच्यांना आणि कधीकधी इंजिनिअरिंगच्या मित्रमैत्रिणींनाही ते पटत नाही. फार्मसी कौन्सिलच्या सिलॅबसप्रमाणे चौथ्या सेमिस्टरला पाच थिअरी विषय आहेत, ऑरगॅनिक केमिस्ट्री, मेडिसिनल केमिस्ट्री, फिजिकल फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी आणि फार्माकॉग्नोसी. प्रत्येकाची आठवड्याला तीन लेक्चर आणि एक ट्युटोरियल, म्हणजे 20 तास झाले, त्यावर चार प्रॅक्टिकल, प्रत्येक चार तासांचं, म्हणजे अजून 16. एकूण 36 तास. प्रॅक्टिकलला तर बहुतेक वेळ उभंच राहायचं असतं. हजेरी 80 टक्के लागते, तीही थिअरीची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी. एवढं सगळं मला मान्य आहे, औषधांचं शिक्षण आहे, ते सोपं असूच नये. माझं म्हणणं यानंतरच्या तासांबद्दल आहे.

घरी आल्यावर जर्नल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रत्येक प्रॅक्टिकलचं एम (उद्देश), रिक्वायरमेंट, प्रिन्सिपल, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन, कॅल्क्युलेशन, रिझल्ट असं सगळं हाताने लिहायचं, आकृत्या काढायच्या, मग सरांची सही घ्यायची. कागदावर हे चांगलंच आहे पण होतं असं की सीनियरचं सर्टिफाय झालेलं जर्नल आणायचं आणि शब्दन् शब्द उतरवायचा, एखादी ओळ वेगळी झाली तर परत लिहायला लावतात. चौथ्या सेमिस्टरला मी एक आठवडा मोबाईलवर टायमर लावून बघितलं, एका प्रॅक्टिकलला पावणेदोन तास लागले, चारांचे मिळून सात तास. आठवड्याचे सात तास आणि त्यातलं एक वाक्यही मला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं कारण हात चालू होता, डोकं बंद होतं. आई रात्री बारा वाजता दिवा चालू बघायची आणि म्हणायची पोरगी किती अभ्यास करते, आणि मलाही खरंच तसंच वाटायचं. पानं भरतायत म्हणजे अभ्यास होतोय.

रिझल्ट लागला की कळायचं. दुसऱ्या सेमिस्टरला माझा ऑरगॅनिक राहिला, पुढच्या वेळेला निघाला. पण माझ्यासोबत त्याच एसटीला असणारी माझी मैत्रीण, तिचा बायोकेमिस्ट्री तीन वेळा राहिला. नियम असा आहे की पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय निघाल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही. तिचं वर्ष गेलं. तिचं जर्नल आमच्या बॅचमध्ये सगळ्यात सुंदर होतं, सर ते दुसऱ्या मुलांना दाखवायचे. वर्ष गेल्यावर घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आणि पुढे ती कॉलेजला आलीच नाही. ती हुशार नव्हती असं कोणी म्हटलेलं मला सहन होत नाही, मी तिच्याकडूनच मोलॅरिटी म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं गणित शिकलेय.

आता मार्कांचं बघा. प्रॅक्टिकल 50 मार्कांचं, त्यात 35 परीक्षेचे, 15 इंटरनल. त्या 15 मधले 10 सेशनलचे म्हणजे कॉलेजच्या सेमिस्टरमधल्या परीक्षेचे आणि 5 कंटिन्युअस मोडचे म्हणजे रोजच्या कामाचे, आणि या पाचातले 2 हजेरीचे. उरलेले 3 मार्क जर्नल, रोजची वायवा (तोंडी परीक्षा) वगैरे सगळ्याचे मिळून. तीन मार्क! कौन्सिलने जर्नलला एवढीच जागा दिलीय आणि आम्ही आठवड्याचे सात तास देतोय. दुसरीकडे थिअरीचा पेपर 75 चा, तीन तासांचा, 20 मार्क ऑब्जेक्टिव्ह, 10 मार्कांचे मोठे प्रश्न तीनपैकी दोन, आणि 5 मार्कांचे छोटे प्रश्न नऊपैकी सात. म्हणजे 35 मार्क छोट्या प्रश्नांवर आहेत आणि ते पाचही युनिटमधून येऊ शकतात, तिथे आयएमपी प्रश्नांची लिस्ट पाठ करून आदल्या रात्री बसणाऱ्याचं काही खरं नाही. सगळं थोडं थोडं पण पक्कं लागतं आणि पक्कं व्हायला वेळ लागतो, तो वेळ तर जर्नलमध्ये गेला.

पाचव्या सेमिस्टरपासून मी अभ्यासाची पद्धत बदलली, ती इथे लिहिते कारण नवीन आलेल्या कोणालातरी उपयोग होईल. आमच्या एका सरांनी वर्गात सांगितलं होतं की 1885 मध्ये एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्याच दिवशी विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होत जातो. म्हणून मी परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली की वही बंद ठेवून एका कोऱ्या कागदावर त्या दिवसाचं जे आठवतंय ते लिहायला लागले, पंधरा मिनिटं, अक्षर कसंही येऊ दे. मग वही उघडून जे सुटलं ते लाल पेनाने. तोच कागद दुसऱ्या दिवशी सकाळी आणि नंतर रविवारी परत, पण आधी न बघता. पहिले दोन आठवडे फार वाईट वाटायचं, अर्धं पान पण भरायचं नाही, सोडून द्यावंसं वाटायचं. पण सेशनल आली तेव्हा पहिल्यांदा असं झालं की रात्री अकराला झोपले आणि सकाळी पेपर लिहिला.

दुसरं म्हणजे औषधांची नावं सुटी सुटी पाठ करणं सोडलं. नावाच्या शेवटाला ओलॉल असेल तर बीटा ब्लॉकर, प्रिल असेल तर एसीई इनहिबिटर (दोन्ही बीपीला देतात), मग सार्टन (हीसुद्धा बीपीची), स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), प्राझोल (ॲसिडिटीची), अशी घराणीच आहेत, घराणं कळलं की आडनावावरून माणूस ओळखावा तसं होतं. आणि साइड इफेक्ट पाठ करण्यापेक्षा का होतो ते विचारायचं. आमच्या आजोबांना बीपीच्या गोळीने कोरडा खोकला लागायचा, डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा थांबला. घरात सगळे म्हणायचे गोळी गरम पडली. पाचव्या सेमिस्टरला कळलं की एसीई हे बीपी वाढवणारं द्रव्य तयार करणारं एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं दुसरं एक द्रव्य पण तोडतं, प्रिलवाल्या गोळीने ते एन्झाइम अडवलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि काही पेशंटना खोकला लागतो, सार्टन त्या एन्झाइमला न अडवता पुढे रिसेप्टरवर (बीपी वाढवणारं द्रव्य जिथे जाऊन चिकटतं तिथे) काम करतं म्हणून तिथे हा त्रास फार कमी. मी घरी जाऊन आजोबांची जुनी चिठ्ठी काढून बघितली, एनालाप्रिल होती, बदलून लोसार्टन दिली होती. ते मला आता जन्मभर पाठ करावं लागणार नाही. आम्ही तिघी मैत्रिणी मधल्या सुट्टीत एकमेकींची अशीच वायवा घेतो, का, मग का, मग का.

पण यासाठी वेळ कुठून आला हे प्रामाणिकपणे सांगते, जर्नल मी मागे ठेवलं. सेमिस्टरच्या शेवटी चार दिवस जागून सगळं उतरवलं, मागच्या तारखा टाकल्या, आमच्याकडे अर्धी बॅच हेच करते आणि सह्याही होतात. यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंच नाही.

सहाव्या सेमिस्टरनंतर चार आठवडे एका टॅब्लेट बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनिंगला गेले तेव्हा लक्षात आलं. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी सांगितलं, वजन केलं की त्याच क्षणी नोंद, ज्याने केलं त्याचीच सही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला कारण, सही, तारीख, खाडाखोड नाही आणि नंतर आठवून लिहिणं तर अजिबात नाही. मागच्या तारखेची नोंद तिथे सगळ्यात मोठ्या गुन्ह्यासारखी आहे कारण त्या कागदावर विश्वास ठेवून ती गोळी कोणाच्यातरी पोटात जाणार असते. मी तिथे मान खाली घालून उभी होते. तीन वर्षं कॉलेजने माझ्याकडून नेमकं हेच करून घेतलं होतं, दुसऱ्याचं उतरव आणि मागची तारीख टाक, टायट्रेशनचं (द्रावणाची तीव्रता मोजायच्या प्रयोगाचं) रीडिंग जुळत नसेल तर सीनियरच्या जर्नलमधलं लिही.

म्हणून माझी विनंती आहे, आपल्या पेपरातून ती प्राचार्य आणि विद्यापीठांच्या बोर्ड ऑफ स्टडीज म्हणजे अभ्यास मंडळांपर्यंत पोचावी. जर्नल बंद करा असं मी म्हणत नाही. एम, प्रिन्सिपल, प्रोसिजर छापून द्या, ते आम्ही प्रॅक्टिकलच्या आधी वाचून येऊ. आम्ही फक्त आमचं रीडिंग, आमचं कॅल्क्युलेशन आणि उत्तर चुकलं तर का चुकलं असेल हे लिहू, लॅबमध्येच, त्याच चार तासांत, आणि सही त्याच दिवशी व्हावी. चुकीच्या रीडिंगचे मार्क कापू नका, खोट्या रीडिंगचे कापा. सर लोकांवरही लोड आहे हे मला दिसतं, एकेका बॅचची वीस वीस जर्नलं तपासायची असतात, त्यांचाही वेळ यात वाचेल.

आमच्या कॉलेजचं सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे. पहिल्या वर्षाच्या दोन मुली काल माझं जुनं जर्नल मागायला आल्या होत्या. त्यांना मी जर्नल नाही दिलं, लॅबच्या वेळेत स्वतःचं रीडिंग कसं लिहायचं ते बसून दाखवलं, आणि त्यांच्या मॅडमना मी स्वतः भेटून सांगेन असं कबूल केलंय. उद्या जाणार आहे.

आपली,
बी. फार्म. शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी