सक्ती नव्हे, कर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही आरोग्यविम्याची सक्ती उचलून धरली, मग आपल्याकडे का नको?' असे एका पत्रलेखकाने याच सदरात विचारले आहे. मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो, इथले करविवरणपत्र भरतो, म्हणून राहवले नाही. न्यायालयाने उचलून धरला तो कर. सक्ती त्याने नाकारलीच होती.

ओबामांच्या २०१० च्या कायद्यानुसार २०१४ पासून प्रत्येकाने विमा घ्यायचा, नाहीतर दंड भरायचा होता. आधीपासून आजारी असलेल्यांनाही विमा नाकारायचा नाही, असे कंपन्यांना बजावल्यावर ही तरतूद ओघाने आलीच; नाहीतर धडधाकट असताना हप्ते कोण भरणार?

निकाल लागला २८ जून २०१२ रोजी. सरकारची भिस्त होती अमेरिकेच्या घटनेतील एका कलमावर, म्हणजे राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याच्या संसदेच्या अधिकारावर. हा अधिकार किती ताणला गेला होता, ते आपल्या शेतकऱ्यांनी ऐकावे. ओहायोतल्या फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याने ठरवून दिलेल्या क्षेत्राहून जास्त गहू पेरला. घरी खायला आणि जनावरांना लागतो, म्हणाला. १९४२ मध्ये न्यायालयाने त्याचा दंड कायम केला, कारण घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातला तेवढा कमी घेतला! पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २०१२ मध्ये तिथेच बोट ठेवले. फिलबर्नने निदान गहू पिकवला तरी होता. विमा न घेणारा काहीच करत नाही, आणि काहीच न करणाऱ्याला बाजारात ओढून आणण्याचा अधिकार संसदेला नाही. जेवावे तर सगळ्यांनाच लागते, मग उद्या ब्रोकोली विकत घ्यायला लावाल का, असे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी सुनावणीत विचारलेच होते.

तरीही तरतूद पाच विरुद्ध चार मतांनी वाचली. प्राप्तिकरासोबत वसूल होणारी आणि न भरल्यास फौजदारी नसलेली ही रक्कम रॉबर्ट्स यांनी कर मानली. ओबामांनी २००९ मध्ये एका मुलाखतीत हा कर नाहीच, असे ठासून सांगितले होते. बारसे 'दंड' म्हणून झाले, न्यायालयाने नाव बदलले. मला ही पळवाट वाटते. व्यापाराच्या अधिकाराला घातलेली मर्यादा मात्र पटते.

पुढे २०१७ च्या करकायद्याने ही रक्कम २०१९ पासून शून्यावर आणली. केंद्राची सक्ती आता कागदावरच उरली आहे. राज्यांचे तसे नाही. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्येच असा कायदा केला होता, आणि केंद्राने हात काढताच न्यू जर्सीने २०१९ पासून स्वतःचा लागू केला. राज्यांना व्यापाराच्या कलमाचा आधार शोधावा लागत नाही. म्हणून वर्षभर विमा होता का, हे मला आजही राज्याच्या विवरणपत्रात सांगावे लागते.

राहिला आपला मोटार विमा, ज्याचा दाखला त्या पत्रात होता. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे खरा, पण गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला. ज्याच्या दारात गाडीच नाही, त्याला कोणी पॉलिसी मागत नाही.

आपला,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)